विलंगाचा चढ, द्राक्षबागा आणि खारा वारा : वाचकांचे प्रश्न

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरात जानेवारीत ‘टूर डाउन अंडर’ ही सायकल शर्यत होते. १९९९ साली सुरू झालेली ही शर्यत २००८ मध्ये व्यावसायिक सायकलिंगच्या वरच्या मालिकेत गेली. युरोपाबाहेरची त्या मालिकेतली ती पहिलीच. शहराच्या दक्षिणेला पस्तीस-चाळीस किलोमीटरवर मॅक्लारेन व्हेल हा समुद्राला खेटून असलेला वाइनचा पट्टा आहे आणि शर्यतीचा गाजलेला चढही तिथेच, विलंगा गावाच्या डोक्यावर आहे. शर्यतीच्या निमित्ताने तिकडे जाणाऱ्या वाचकांच्या पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत.

मुलगा ॲडलेडला असतो. आम्ही दोघे साठी ओलांडलेले. जानेवारीत आठ दिवस जाणार आहोत. मुलगा म्हणतो शर्यत बघा, पण रस्त्याकडेला उभे राहून सायकली सर्रकन गेलेल्या पाहण्यात काय मजा? – वाचक, कोथरूड, पुणे

सपाट रस्त्यावर उभे राहणार असाल तर तुमची शंका रास्त आहे. शंभरावर सायकलपटूंचा घोळका येतो, वाऱ्याचा झोत अंगावर येतो आणि फोन सरळ धरेपर्यंत सगळे पार झालेले असतात. म्हणून चढ निवडा. विलंगाचा चढ सुमारे तीन किलोमीटरचा आणि सरासरी साडेसात टक्क्यांचा, म्हणजे एकूण सव्वादोनशे मीटर उंची. पुढची मंडळी तो जेमतेम सात मिनिटांत चढतात. तरी वेग सपाटीपेक्षा बराच कमी असतो, घोळका फुटून माळेसारखा लांबतो, आणि कोण तोंड उघडून श्वास घेतोय, कोणाचे खांदे हलायला लागलेत, हे हातभर अंतरावरून दिसते. ज्या वर्षी मार्गात हा चढ दोनदा असतो, त्या वर्षी एकाच जागी बसून दोनदा पाहायला मिळतो. रिची पोर्ट या ऑस्ट्रेलियन सायकलपटूने २०१४ ते २०१९ अशी सलग सहा वर्षे इथला टप्पा जिंकला. रस्त्यावर खडूने लिहिलेली नावे अजूनही त्याचीच जास्त दिसली तर नवल नाही.

आता व्यवहाराचे. शर्यत येण्याच्या बऱ्याच आधी चढाचा रस्ता वाहनांना बंद होतो. वेळा दरवर्षी वेगळ्या असतात आणि आधी जाहीर होतात. मुलाने तुम्हाला विलंगा गावात त्याआधी सोडावे. गावातून चढाच्या पहिल्या किलोमीटरपर्यंत चालणे तुम्हाला पुरे. माथ्यापर्यंत उन्हात तीन किलोमीटर चढण्यात शहाणपण नाही. माथ्याजवळ चढ थोडा सैलही होतो, त्यामुळे खरी झुंज खालच्या-मधल्या भागातच पाहायला मिळते. घडीची खुर्ची, रुंद काठाची टोपी आणि माणशी दोन लिटर पाणी लागेल, कारण बहुतेक जागी सावली नाही. वळणाच्या आतल्या कडेला उभे राहू नका, सायकली तिथेच रस्त्याची कड घासत येतात. सर्वांत जास्त धांदल शर्यत संपल्यावर होते. लोक रस्त्याच्या मधोमध चालू लागतात आणि त्याच वेळी सायकलपटू वरून सुसाट खाली येत असतात.

गाड्यांची कोंडी सुटेपर्यंत तासभर तरी विलंगातच काढा. हे गाव १८४० पासून पाटीच्या दगडाच्या खाणींसाठी प्रसिद्ध आहे. जुन्या घरांची छपरे आणि दारापुढच्या फरश्या त्याच निळसर दगडाच्या आहेत. शनिवार असेल तर सकाळी आठपासून शेतकरी बाजार भरतो आणि दुपारी उठतो. स्थानिक बदाम, ऑलिव्ह, पाव, जर्दाळू, सगळे पिकवणाऱ्याच्या हातून घेता येते.

बाकीच्या दिवसांसाठी एकच नियम ठेवा: एका दिवशी एकच दिशा. दक्षिणेला द्राक्षबागा, पूर्वेला ॲडलेड हिल्स, ईशान्येला बरोसा खोरे, असे ते पसरलेले आहे. शर्यतीच्या आठवड्यात रोज कुठल्यातरी बाजूचे रस्ते अडलेले असतात. सकाळी हिल्स आणि दुपारी समुद्र असा बेत कागदावर छान दिसतो, पण प्रत्यक्षात अर्धा दिवस गाडीत जातो. हिल्समध्ये क्लेलंड वन्यजीव उद्यान आणि माउंट लॉफ्टीचा माथा पाहा. शहरात असाल त्या संध्याकाळी ट्रामने ग्लेनेल्गला जा. जानेवारीत सूर्य साडेआठच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे जेवण लवकर उरकूनही धक्क्यावर फेरी होते.

व्हिक्टर हार्बरला एक अख्खा दिवस द्या. ते शहरापासून ऐंशी किलोमीटरवर आहे. तिथून ग्रॅनाइट आयलंडपर्यंत घोड्याची ट्राम जाते. ती १८९४ साली सुरू झाली आणि २०२१ अखेरीस बांधलेल्या नव्या पुलावरून धावते. गूल्वाहून व्हिक्टर हार्बरला जाणारी जुनी रेल्वे किनाऱ्याच्या इतक्या जवळून जाते की खिडकीतून लाटांचा आवाज येतो. देवमासे मात्र हिवाळ्यात, म्हणजे मे ते ऑक्टोबरमध्ये दिसतात. जानेवारीत त्यासाठी दुर्बीण नेऊ नका.

आम्ही चौघे नियमित सायकल चालवतो. एका दिवसात बागा आणि समुद्र दोन्ही सायकलवरून होतील का? मार्ग सांगा. – वाचक, नाशिक

होतील, आणि कष्ट न होता. विलंगाला १९१५ ते १९६९ रेल्वे जात होती. तिचे रूळ उखडले आणि त्या जागेवर ‘कोस्ट टू व्हाइन्स’ हा सायकलमार्ग झाला. शहराच्या दक्षिणेकडच्या किनाऱ्यावरील मारिनोपासून विलंगापर्यंत तो चौतीसेक किलोमीटर आहे. जुन्या रेल्वेची वाट असल्याने चढ बहुतेक सौम्य आहेत. ओंकापरिंगा नदीच्या खोऱ्यापाशी मात्र तीव्र उतार आणि तसाच चढ लागतो, तिथे गिअर आधीच हलका करा.

आमचा सल्ला मात्र अर्धी वाट लोकलने जाण्याचा आहे. ॲडलेड स्टेशनवरून सीफर्डची गाडी पकडा आणि शेवटच्या स्टेशनावर उतरा. गाडीत सायकल नेता येते (ट्राममध्ये नाही); कामावर जायची-यायची वेळ टाळा. सीफर्डहून मॅक्लारेन व्हेल आठ-नऊ किलोमीटर. तिथून विलंगापर्यंतचा सुमारे आठ किलोमीटरचा तुकडा ‘शिराझ ट्रेल’ म्हणून ओळखला जातो, आणि दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या ओळी आहेत. विलंगात खाऊन पश्चिमेला पोर्ट विलंगाकडे वळा: दहाएक किलोमीटर, जवळपास सगळा उतार. या रस्त्यावर वाहने वेगाने जातात आणि मध्ये मेन साउथ रोड हा मोठा रस्ता येतो. तो ओलांडताना घाई नको. पोर्ट विलंगाहून मॅस्लिन बीच, मोआना असे किनाऱ्याने परत सीफर्ड, बारा-तेरा किलोमीटर. एकूण चाळीसेक किलोमीटर होतात. किनाऱ्याचा रस्ता नकाशावर सपाट वाटतो, पण ओढे जिथे समुद्राला मिळतात तिथे तो खाली जाऊन पुन्हा वर येतो. दमलेल्या पायांना ते दोन-तीन चढ विलंगापेक्षा मोठे वाटतील.

फेरी याच दिशेने का करायची? वाऱ्यामुळे. उन्हाळ्यात दुपारनंतर आखातावरून नैर्ऋत्येचा समुद्री वारा सुटतो. सकाळी शांत हवेत दक्षिणेला जायचे आणि दुपारी उत्तरेला परतताना तोच वारा पाठीवर घ्यायचा. उलट फिरलात तर शेवटचे बारा किलोमीटर वाऱ्यात तोंड खुपसून जावे लागेल. हवामानखात्याने दिवसभर उत्तरेचा वारा सांगितला असेल तर तो वाळवंटावरून येणारा, भट्टीच्या तोंडासारखा वारा असतो. त्या दिवशी सायकल बाहेरच काढू नका. जानेवारीत कमाल तापमान सरासरी तिशीच्या आसपास असते, पण २४ जानेवारी २०१९ रोजी ॲडलेडमध्ये ४६.६ अंश नोंदले गेले. ही शर्यत संपून चारच दिवस झाले होते. उष्म्यामुळे शर्यतीचे टप्पेही याआधी छोटे केले आहेत. तेव्हा साडेसातला निघा आणि बारापर्यंत पोर्ट विलंगाला पोचा.

सामानात एक गोष्ट विसरू नका: प्रत्येकी दोन ट्यूब. तिथल्या कडेच्या मातीत आपलाच सराटा उगवतो. तेच ते पिवळ्या फुलाचे, जमिनीवर पसरणारे झुडूप आणि तेच तिकोनी काटे. सायकलींचा तिथे तो वैरी नंबर एक आहे. फोटोसाठी सायकल डांबरावरून गवतात ढकलली की पंक्चर ठरलेले. काटा दिसला म्हणून लगेच उपटू नका. टायरमध्ये पंक्चर भरणारा द्रव असेल तर आधी चाक फिरवून काटा खाली आणा, मग काढा, म्हणजे द्रव भोकाकडे येतो. ट्यूब बदलताना टायरच्या आतून बोट फिरवा. सराट्याचा एक काटा दिसला की दुसरा असतोच, आणि तो राहिला तर नवी ट्यूब पाच मिनिटांत बसते.

नियमांचे थोडक्यात: वाहने आपल्यासारखीच डावीकडून. हेल्मेट सक्तीचे, घंटा हवीच. २०१५ पासून मोठ्यांनाही पदपथावरून सायकल चालवता येते, मनाईची पाटी नसेल तर. मोटारींनी ताशी साठ किलोमीटरपर्यंत एक मीटर आणि त्यापुढच्या वेगाला दीड मीटर अंतर ठेवायचे असते.

पोर्ट विलंगाला सायकल वरच कुलूप लावून ठेवा आणि पायी उतरा. वाळू साखळीत गेली की परतीचा रस्ता कुरकुरत काढावा लागतो. खाली जुन्या धक्क्याचे काळे खांब पाण्यात उभे आहेत आणि पिवळ्या कड्यात कोळ्यांनी होड्या ठेवायला खोदलेल्या गुहा आहेत. १३ जुलै १८८८ च्या वादळात ‘स्टार ऑफ ग्रीस’ हे गव्हाने भरलेले जहाज इथेच, किनाऱ्यावरून दिसेल इतक्या अंतरावर फुटले.

माझी बारा एकर द्राक्षे आहेत. तिकडच्या बागेत काय वेगळे पाहावे? – बागायतदार, दिंडोरी

तुमच्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतरची गोडी छाटणी. वेल पूर्ण झोपत नाही. तिथे थंडीत पानगळ होते, वेल सुप्तावस्थेत जाते आणि छाटणी एकदाच. तुमचा माल जानेवारीत निघायला लागतो तेव्हा त्यांच्या शिराझ या काळ्या वाइन-द्राक्षाच्या मण्यांत नुकते पाणी उतरत असते: एकाच घडात हिरवे, गुलाबी आणि काळे मणी शेजारी शेजारी. काढणी फेब्रुवारीपासून. ग्रेनाश या दुसऱ्या वाइन-द्राक्षाच्या जुन्या वेली तारेवर नसतात. गुडघा-मांडीएवढ्या उंचीवर वाटीसारख्या फांदलेल्या, एकट्या उभ्या. मांडवाची सवय असलेल्या डोळ्यांना त्या खुरटलेल्या वाटतील. त्या तशाच ठेवलेल्या आहेत.

पाणी कुठून येते तेही विचारा. १९९९ पासून ख्रिस्टीज बीचच्या केंद्रात शुद्ध केलेले सांडपाणी नळाने बागांना दिले जाते. गावाला पाऊस पडतो तो हिवाळ्यात, त्यामुळे उन्हाळी पाण्याचा हा मोठा आधार आहे.

आणि कृपा करून बागेच्या ओळीत पाऊल टाकू नका, मालक समोर असला तरी आधी विचारा. दक्षिण ऑस्ट्रेलियात अजून फायलोक्सेरा नाही. मुळे खाणारी ही माव्याच्या जातीची कीड बुटाच्या मातीतून प्रवास करते. आपण खारे पाणी आणि पाण्याची टंचाई यांसाठी डॉगरिज खुंटावर कलम करतो. तिथल्या कितीतरी जुन्या वेली स्वतःच्याच मुळांवर आहेत, कीड आली तर त्यांना आधार नाही. तुम्ही स्वतःच्या बागेतले बूट घालून जाणार असाल तर ते नेऊच नका, नवे घ्या. पाहण्यासाठी ज्या वायनरीत मार्गदर्शकासह फेरी असते तीच निवडा.

मी पीत नाही, नवरा पितो. दोघे सायकलवर असणार. वाइन चाखण्याच्या खोलीत माझे काय, आणि त्याने किती प्यावे? शाकाहारी खायला मिळेल का? – वाचक, ठाणे

आधी नवऱ्याचे. चाखण्यासाठी एका वेळी पंचवीस-तीस मिलिलिटर ओततात. पंचवीसचे सहा घोट म्हणजे दीडशे मिलिलिटर. तिथली शिराझ साडेचौदा टक्क्यांची धरली तर त्यात सतरा ग्रॅम अल्कोहोल झाले. ऑस्ट्रेलियात एक ‘स्टँडर्ड ड्रिंक’ दहा ग्रॅमचे मानतात. तीन वायनऱ्यांत असे सहा-सहा घोट गिळले की पाच ड्रिंक पोटात, आणि शरीर तासाला साधारण एकच पचवते. शिवाय नशेत सायकल चालवणे हाही गुन्हा आहे. टेबलावरचे भांडे थुंकण्यासाठीच असते; तिथे थुंकणाऱ्याकडे कोणी वळून पाहत नाही, उलट जाणकार समजतात. दोन वायनऱ्या पुरेत, आणि दुसरी दुपारच्या जेवणाला जोडून.

तुमच्यासाठी डॅरनबर्ग या वायनरीची ‘क्यूब’ इमारत: पाच मजली, रुबिक क्यूब फिरवताना अर्धवट थांबवल्यासारखी, २०१७ अखेरीस उघडलेली. आत तळमजल्यावर एका भिंतीशी फळे, फुले, मसाले यांचे वास भरलेल्या बरण्या आहेत. रबरी फुगा दाबायचा आणि हुंगायचे. न पिणाऱ्यालाही वाइनबद्दल लोक इतके का बोलतात ते तिथे कळते. ती टेकाडावर आहे, शेवटचा रस्ता उभा. कोरिओल या वायनरीत वाइनइतकेच ऑलिव्ह तेल चांगले. पावाबरोबर चाखायला मागा.

खाण्यात पाव, चीज, ऑलिव्ह, बदाम यांचे ताट बहुतेक ठिकाणी मिळते. काटेकोर असाल तर चीजमध्ये प्राण्याचे रेनेट (दूध गोठवण्याचे द्रव्य) आहे का ते विचारा. वाइन निवळवण्यासाठीही कधी अंड्याचा पांढरा भाग किंवा दूध वापरतात. ते लेबलवर लिहिलेले असते. माशापासून केलेले द्रव्य मात्र लिहावे लागत नाही, म्हणून ‘व्हेगन’ लिहिलेली बाटली मागणे सोपे. आणि सायकलचे खिळेवाले बूट घालून गुळगुळीत फरशीवर जाऊ नका. पिशवीत साध्या चपला ठेवा.

समुद्राकाठी हिमनदीच्या खुणा आहेत असे ऐकले. खरे का? – शिक्षक, चंद्रपूर

खरे, आणि तुम्हाला घरचेच वाटेल. ॲडलेडच्या दक्षिणेला समुद्रकाठच्या हॅलेट कोव्हच्या कड्यावर गुळगुळीत घासलेला खडक आहे, त्यावर समांतर ओरखडे. सुमारे अठ्ठावीस कोटी वर्षांपूर्वी सरकत्या बर्फात अडकलेल्या दगडांनी ते ओढले. भूशास्त्रज्ञ राल्फ टेट यांनी १८७७ साली ते ओळखले. तुमच्या इरई नदीकाठचा ओरखडे असलेला खडक त्याच गोंडवनी हिमयुगातला. तेव्हा भारत आणि ऑस्ट्रेलिया एकाच भूखंडाचे भाग होते.

हॅलेट कोव्ह बीच स्टेशनवरून चालत जाता येते. सायकल आत नेऊ नका, फळ्यांच्या वाटेवरून उतरा, ‘शुगरलोफ’ नावाचा फिकट मातीचा उंचवटा पाहून परत या. निवांत दीड तास. खडक सकाळी लवकर किंवा संध्याकाळी बघा. ऊन तिरपे असले तरच ओरखड्यांत सावली पडते आणि ते उठून दिसतात. भर दुपारी तिथे नुसता सपाट दगड दिसेल आणि मुले म्हणतील, सर, हेच का?

तिथल्या किनाऱ्यावर आमच्यासारखे शॅक असतात का? सहकुटुंब पोहता येईल का? – वाचक, मडगाव

शॅक नाहीत. पाणी, सावलीची छत्री, खाणे सगळे बरोबर न्या. पोहायचे तर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच. जीवरक्षक तेवढ्याच पट्ट्यावर लक्ष ठेवतात. पाणी गोव्यापेक्षा चांगलेच गार असते. पोर्ट विलंगाजवळच्या ॲल्डिंगाच्या बाजूला वाळूवर गाडी नेता येते, पण भरतीची वेळ बघून. मऊ वाळूत रुतलेली भाड्याची गाडी काढणे महागात जाते. मॅस्लिन बीचचे रंगीत कडे पाहाच, फक्त किनाऱ्याचा दक्षिण भाग १९७५ पासून विवस्त्र स्नानासाठी अधिकृत आहे. सासूबाई बरोबर असतील तर उत्तरेकडूनच परत फिरा.

ॲडलेड ओव्हल पाहण्यासारखे आहे का? – वाचक, सांगली

सांगलीकरांनी तर जावेच. जानेवारी १९४८ मध्ये तुमच्या विजय हजारे यांनी तिथल्या कसोटीत दोन्ही डावांत शतके ठोकली, ११६ आणि १४५. त्याच सामन्यात कोल्हापूरच्या दत्तू फडकरांनीही १२३ केल्या. ब्रॅडमन यांच्या वस्तूंचा संग्रहही तिथे आहे. डिसेंबर २०२० चा भारताचा इथलाच ३६ धावांचा डाव कोणी काढलाच तर १९४८ पाठ असू द्या.

फराळ नेता येईल का? आणि येताना वाइन किती आणावी? – वाचक, डोंबिवली

पेढे, बर्फी, खव्याचे काही नको. ताजी फळे, बिया नकोत. चिवडा, चकली, मसाले नेलेत तर विमानातल्या कार्डावर ‘आहे’ असे लिहा आणि दाखवा. लिहून दाखवलेले फार तर काढून घेतात, लपवलेले सापडले तर जबर दंड. स्वतःची सायकल नेत असाल तर टायरच्या खाचा, पेडल, बुटांचे तळवे दात घासायच्या ब्रशने धुऊन कोरडे करा. माती दिसली की खोके उघडावे लागते. मेलबर्नहून ॲडलेडला जातानाही फळे खाऊन संपवा, फळमाशीच्या भीतीने दक्षिण ऑस्ट्रेलियात बाहेरून फळे आणायला बंदी आहे.

परत येताना भारतात माणशी दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येते. साडेसातशेच्या दोन बाटल्या बसतात, तिसरीने सव्वादोन लिटर होतात आणि वरच्या मालावर शुल्क लागते. बाटल्या चेक-इन बॅगेत, मधोमध, जीन्सच्या एकेका पायात गुंडाळून ठेवा. घेतल्यावर दिवसभर गाडीच्या डिकीत ठेवल्या तर बूच वर सरकते आणि वाइन शिजल्यासारखी लागते. खरेदी शेवटच्या दिवशी, आणि ती सरळ हॉटेलच्या खोलीत.